वडिलांसाठी डिजिटल कवळी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ७४ वर्षांचे, राहायला निफाडजवळ, तोंडात एकही दात नाही. ८ वर्षांपूर्वीची कवळी आहे. वरची बरी बसते, खालची मात्र बोलतानाही उचलते आणि जेवायला बसले की ते ती काढून खिशात ठेवतात. नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात त्यांना डिजिटल कवळी सुचवली. तोंडाचं स्कॅन करू, दोन भेटींत देऊ, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) बसेल, असं सांगितलं. पैसे साध्या कवळीच्या दुपटीहून जास्त. तुम्ही स्वतः अंबडला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर काम करता, त्यामुळे तुमचा सवाल सरळ आहे. मशीनवर काढलेला जॉब हाताने केलेल्यापेक्षा सरसच असणार, मग पैसे घालायला हरकत काय? आणि वडिलांचं एकच म्हणणं, भाकरी खाता आली पाहिजे.

मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे. कवळ्या, कॅप, ब्रिज हेच माझं रोजचं काम, आणि हल्ली माझ्याकडच्या बऱ्याच कवळ्या कॉम्प्युटरवरच डिझाइन होतात. तेव्हा या पद्धतीशी माझं काही वाकडं नाही. पण तुम्हाला जे सांगितलं गेलंय त्यात वडिलांच्या खालच्या कवळीचं दुखणं कुठेच येत नाही. वरच्या कवळीला मशीनचा फायदा होतो, तो खरा आहे. खालची हलते त्याचं कारण माप कसं घेतलं यात आहे आणि उरलेल्या हाडात आहे. तिथे मशीन काही करू शकत नाही.

आधी फायद्याचं बोलू, कारण ते तुम्हाला लगेच पटेल.

साधी कवळी कशी होते? मेणावर दात लावून तोंडात घालून बघतो. पसंत पडली की लॅबमध्ये ती मेणासकट फ्लास्कात, म्हणजे धातूच्या डब्यात, प्लास्टरमध्ये पुरतात. गरम पाण्याने मेण घालवायचं आणि राहिलेल्या पोकळीत अ‍ॅक्रिलिकचा गोळा दाबायचा. हा गोळा म्हणजे साधारण ३ भाग पावडर आणि १ भाग लिक्विड. लिक्विड म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट, पावडर म्हणजे त्याचंच आधी घट्ट झालेलं पॉलिमर. मग फ्लास्क क्लॅम्पमध्ये आवळून ७४ अंशांच्या पाण्यात ठेवतात. काही लॅब रात्रभर ठेवतात, काही दोन तास ७४ वर ठेवून शेवटचा तासभर पाणी उकळतात. १९३७ च्या सुमारास व्हल्कनाइट रबराच्या जागी हे अ‍ॅक्रिलिक आलं, आणि कृती मुळात अजून तीच आहे.

गोम अशी की शिजताना ते आकसतं. नुसतं लिक्विड घट्ट केलं तर आकारमानात २१ टक्के आकसेल. पावडर असल्यामुळे ते ७ टक्क्यांच्या आसपास येतं, आणि लांबीत मोजलं तर साधारण ०.२ ते ०.५ टक्के. शिवाय थंड होतानाचं आकसणं वेगळं. सगळीकडून सारखं आकसलं असतं तर एक वेळ निभावलं असतं. पण वरची कवळी म्हणजे कडेने हिरडीचा उंचवटा आणि मध्ये टाळूचा घुमट. आकसताना दोन्ही बाजू आत ओढल्या जातात आणि टाळूचा मागचा मधला भाग साच्यापासून सुटतो. नेमकी तिथेच कवळी बंद बसायला हवी असते. वरची कवळी टिकते ती लाळेच्या पातळ थरावर आणि चहूबाजूंनी बंद असलेल्या कडांवर. मागून हवा शिरली की माणूस मोठ्याने हसला तरी ती खाली येते. म्हणून साच्यावर टाळूच्या मागच्या रेषेत चाकूने हलकी खाच मारायची पद्धत आहे. कवळीला तिथे बारीक कंगोरा येतो आणि फट भरून निघते. खाच किती खोल मारायची हे टाळू दाबून बघून ठरवायचं असतं. ते काम डॉक्टरचं, पण बहुतेक वेळा लॅबवर सोडलं जातं, आणि लॅबवाल्याने तुमच्या वडिलांचा टाळू कधी पाहिलेला नसतो.

मिलिंगमध्ये, म्हणजे मशीनने कवळी कोरून काढण्यात, ही भानगडच नाही. अ‍ॅक्रिलिकची चकती येते, साधारण ९८ मिमी व्यासाची, २५-३० मिमी जाड. ती कारखान्यातच जास्त दाबाखाली आणि उष्णतेत पूर्ण घट्ट झालेली असते. जे आकसायचं ते तिथेच आकसून झालं. आपण फक्त कोरून काढायचं. मशीन लहान, बहुधा पाच अ‍ॅक्सिसचं. जाडं काम अडीच मिमीच्या टूलने, शेवटचा हात एक मिमीच्या. चकतीचा बहुतेक भाग भुकटी होऊन सक्शनमध्ये जातो, ते तुम्हाला बघवणार नाही. टाळूमागचा कंगोरा स्क्रीनवर आखता येतो, आणि किती खोल ते आकड्यात सांगता येतं. अशी वरची कवळी तोंडात घातली की काढताना बाजूने बोट घालून हवा सोडावी लागते. पहिल्यांदा घालणारे कित्येक जण घाबरून विचारतात, ‘मॅडम, आता निघणार कशी?’

अजून दोन फायदे. दाबाखाली घट्ट झाल्यामुळे आत बारीक छिद्रं नसतात, न घट्ट झालेलं लिक्विडही फारच कमी उरतं. त्यामुळे हिरडी चुरचुरण्याची तक्रार कमी, आणि बुरशीला धरायला जागा कमी. आणि ती मजबूत असते. वरची कवळी पुढच्या दोन दातांच्या मधोमध चिरून दोन तुकडे होणं हा आमच्याकडचा नेहमीचा प्रकार. तोंड धुताना बेसिनमध्ये पडली की संपलं. मिलिंगची कवळीही आपटली तर फुटते, पण वापरता वापरता थकून मोडणं तुलनेने कमी.

आता कवळी देणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न. कोरलेली देणार की प्रिंट केलेली? डिजिटल म्हणून दोन्ही खपतात आणि त्या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

प्रिंटिंगमध्ये पातळ रेझिनच्या (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या) ट्रेमध्ये प्रकाश टाकून थर चढवत जातात, एकेक थर ५० ते १०० मायक्रॉनचा. म्हणजे मटेरियल इथेच, लॅबमध्येच घट्ट होतं आणि घट्ट होताना तेही आकसतं. सॉफ्टवेअर त्याची भरपाई धरून चालतं, पण आधीच घट्ट झालेल्या चकतीचा जो मूळ फायदा तो इथे नाही. प्लेटवर कवळी कोणत्या कोनात उभी केली, आधाराच्या काड्या कुठे लावल्या, यावर बसणं बदलतं. काड्या हिरडीकडच्या बाजूला लावल्या तर तो भाग घासावा लागतो, आणि घासला की मापाचं मातेरं. प्रिंट झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायची, मग पेटीत अतिनील प्रकाशाखाली ठरलेला वेळ पूर्ण घट्ट करायची. इथे घाई झाली की घोटाळा. बाहेर कुठेतरी केलेली अशी एक कवळी माझ्याकडे आली होती. आतून बोटाला किंचित चिकट, वास औषधासारखा, आणि आजींच्या टाळूवर कवळीच्या आकाराचा लालभडक ठसा. आजींना वाटत होतं आपल्याला साखर वाढल्यामुळे झालं.

प्रिंटचे दात हळद आणि चहा लवकर धरतात, हे आपल्याकडे महत्त्वाचं. मोडली तर दुरुस्तीही कटकटीची. साध्या किंवा कोरलेल्या अ‍ॅक्रिलिकला नेहमीचं दुरुस्तीचं अ‍ॅक्रिलिक चांगलं धरतं, प्रिंटच्या रेझिनला तितकं सहज नाही. मग प्रिंट कशासाठी? तात्पुरत्या कवळीसाठी, दात काढल्यादिवशी लगेच द्यायच्या कवळीसाठी, तोंडात घालून बघायच्या नमुन्यासाठी, जोडीला एक जादा कवळी ठेवायची असेल तर. या कामांना ती उत्तम आणि स्वस्त आहे. कोरलेल्या कवळीचे पैसे घेऊन प्रिंट हातात देणं मात्र चूक. तुमचा डोळा तयार आहे, कवळी उजेडात तिरकी धरून बघा. पॉलिश न केलेल्या आतल्या बाजूला थरांच्या बारीक रेघा दिसल्या तर ती प्रिंटची. टूलच्या वळणाच्या खुणा तर तुम्ही झोपेतही ओळखाल.

आता मायक्रॉन. चकती कोरणारं मशीन मायक्रॉनमध्ये बोलतं, लॅबचा स्कॅनरही जवळपास तिथेच. पण तुमच्या मशीनवर जॉब पकडून ठेवणारं फिक्स्चर लोखंडी असतं. इथे फिक्स्चर म्हणजे हिरडी. ती कुठे घट्ट, कुठे मऊ, आणि पुढच्या भागात म्हाताऱ्या माणसाची हिरडी बोटाने हलवली तर मिलिमीटरभर सहज सरकते. जागाच अशी दबणारी असताना मायक्रॉनचा आकडा ऐकायला छान, पण तो मशीनचा झाला, कवळीच्या बसण्याचा नाही.

आणि तोंडात फिरवायचा तो स्कॅनर. दात असलेल्या तोंडात तो झकास चालतो. तो शेकडो फोटो काढतो आणि एकमेकांत जुळणाऱ्या खुणा शोधून ते जोडत जातो. दातांना कंगोरे असतात, खाचा असतात, त्याला धरायला काहीतरी मिळतं. बिनदाताची हिरडी गुळगुळीत, ओली, चमकणारी. खालच्या जबड्यात तर एक अरुंद पट्टी, तिच्या एका बाजूला जीभ आणि दुसऱ्या बाजूला गाल, दोन्ही हलणारे. जोडता जोडता थोडी थोडी चूक साठते.

त्याहून मोठी अडचण कडांची. खालच्या कवळीची कड नेमकी कुठे संपावी? गाल आणि जीभ नेहमीसारखे हलले तरी कड उचलली जाऊ नये इतकी आखूड, आणि अन्न-हवा आत शिरू नये इतकी लांब. हे कळायला स्नायू काम करताना माप घ्यावं लागतं. स्कॅनरला आत बघायचं तर आरशाने गाल ओढून धरावा लागतो, आणि त्याला दिसते ती ओढलेल्या गालाची खोली. बोलताना, चावताना गाल तिथे नसतोच.

यासाठी जुनी पद्धतच हवी. त्या माणसापुरता माप घ्यायचा खास ट्रे बनवतात, कडा मुद्दाम दोनेक मिमी आखूड ठेवून. ग्रीन स्टिक नावाची हिरवी कांडी असते. ती दिव्यावर मऊ करायची, ट्रेच्या कडेवर लावायची, कोमट पाण्यात बुडवून तोंडात. मग पेशंटला सांगायचं, ओठ पुढे काढा, आ करा, जीभ बाहेर काढा, आता उजव्या गालाला लावा, डाव्या, गिळा. कांडी स्नायूंप्रमाणे वळते. बाहेर काढली की कड गोल, चकाकी गेलेली आणि गुळगुळीत दिसली पाहिजे. कुठे ट्रेचं प्लास्टिक उघडं पडलं तर तिथे ट्रे लांब आहे, घासा आणि पुन्हा लावा. असं थोडं थोडं करत पूर्ण कड फिरायची. नंतर आत पातळ मटेरियल भरून शेवटचं माप. खालचा जबडा असेल तर घाई न करता अर्धा तास सहज जातो, आणि तोपर्यंत पेशंट वैतागलेला असतो. कवळी बसणार की नाही हे त्या अर्ध्या तासात ठरतं.

हे माप हातात आलं की मग खुशाल स्कॅन करा. लॅबच्या स्कॅनरवर मापाचाच स्कॅन घेतला की प्लास्टरचा साचा, त्याचं फुगणं, बुडबुडे, वाहतुकीत टवका उडणं, सगळं टळतं. माझ्या हातून जाणाऱ्या डिजिटल कवळ्या अशा अर्ध्या हाताच्या, अर्ध्या मशीनच्या असतात. तुमच्या दवाखान्यात विचारा, ‘कडांचं माप वेगळं घेणार का?’ उत्तर ‘स्कॅनमध्ये सगळं येतं’ असं आलं तर खालच्या कवळीपुरता तरी तिथे विचार सोडा.

दोन भेटींचं म्हणाल, तर तसं होऊ शकतं. वडिलांची जुनी कवळीच ट्रे म्हणून वापरायची, तिच्यातच माप घ्यायचं, वरची-खालची तोंडात मिटवून दोन्हींची जुळणी नोंदवायची, आणि कवळी सगळ्या बाजूंनी स्कॅन करून तिचीच सुधारलेली नक्कल काढायची. काही पेशंटना मी मुद्दाम हेच सुचवते. विस्मरण सुरू झालेले आजोबा, पार्किन्सनच्या आजी. जुन्या कवळीचा बाहेरचा आकार त्यांच्या जिभेला आणि गालांना सवयीचा असतो. तो बदलला तर नवी कवळी कितीही चांगली असली तरी ते काढून ठेवतात.

तुमच्या वडिलांचं तसं नाही. ८ वर्षांत दात झिजले असणार, हाड खाली गेलं असणार, त्यामुळे तोंड मिटताना हनुवटी नाकाकडे जाते. ओठांच्या कोपऱ्यांत चिरा पडतात का बघा, ती त्याची नेहमीची खूण. अशा कवळीची नक्कल म्हणजे तिच्या चुकांचीही नक्कल. त्यांना उंची नव्याने ठरवावी लागेल. मेणाच्या कडा तोंडात घालून, विश्रांतीत जबडा जिथे थांबतो तिथपासून दोन ते चार मिमी जागा सोडून. मग मी पेशंटला साठपासून एकोणसत्तरपर्यंत मोजायला लावते. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, सगळे ‘स’ आणि ‘ष्ट’. म्हणताना वरच्या-खालच्या कडा एकमेकींवर आपटल्या तर उंची जास्त झाली. मध्ये फटीतून शिट्टी वाजली तर पुढे काहीतरी कमी आहे. ‘फणस’ म्हणायला लावलं की वरच्या पुढच्या दाताची लांबी कळते, कड खालच्या ओठाला हलकी टेकली पाहिजे. यातलं काही सॉफ्टवेअरला ऐकू येत नाही.

डिझाइन झाल्यावर तोंडात घालून बघायचा नमुना जरूर मागा. इथे प्रिंटर कामाला येतो. अख्खी कवळी एका रंगात प्रिंट करून तोंडात घालायची. मी त्यावर पेन्सिलने खुणा करते, एखादा दात घासते, कुठे मेण लावून ओठ उचलून बघते, आणि तीच पुन्हा स्कॅन होऊन लॅबला जाते. मेणाच्या ट्रायलपेक्षा हा नमुना मला बरा वाटतो. मेण तोंडातल्या उबेने हलतं, हा हलत नाही, आणि पेशंट तो घालून तासभर वेटिंगमध्ये बसू शकतो, गप्पा मारू शकतो. शेवटच्या वस्तूचं बसणं आधीच कळतं. हा टप्पा वगळणाऱ्यांचा वेळ वाचतो आणि पेशंटच्या फेऱ्या नंतर वाढतात.

सॉफ्टवेअरमधले तयार दात बघून एक सांगावंसं वाटतं. ते फार सरळ असतात. ७४ वर्षांच्या शेतकरी माणसाच्या तोंडात टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात. मी तरुणपणीचा फोटो मागते, लग्नातला असेल तर उत्तम, आणि टेक्निशियनला एखादा दात अंगुळभर नाही पण केसभर तिरका करायला सांगते. घरच्यांना मग ‘हे आपलेच अण्णा’ असं वाटतं.

आता खालच्या जबड्याकडे येऊ, कारण खरा मामला तोच आहे. वरच्या कवळीला टेकायला साधारण २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, खालच्या कवळीला १२ च्या आसपास. म्हणजे निम्मी. टाळू नाही, त्यामुळे हवाबंद बसायची सोय नाही. मध्ये जीभ, ती दिवसभर उचलतच असते. आणि हाड. दात काढले की ते झिजत राहतं, पहिल्या वर्षी सगळ्यात वेगाने, आणि खालच्या जबड्याचं वरच्यापेक्षा सुमारे चौपट. २५ वर्षं त्याच माणसांचा पाठपुरावा करून केलेला टॉलग्रेन यांचा १९७२ चा अभ्यास आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. त्यात लाळ कमी असेल तर आणखी पंचाईत. रक्तदाबाच्या, झोपेच्या, मनाच्या आजारांच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. वडील काय काय घेतात ती यादी डॉक्टरांना दाखवा, कवळीच्या तक्रारीचं मूळ कधीकधी औषधाच्या डबीत असतं.

त्यामुळे खालची कवळी फक्त चांगल्या बनावटीवर घट्ट होईल ही अपेक्षा कोणाकडूनच ठेवू नका, माझ्याकडूनही. चांगलं माप, योग्य उंची, मागचे दात हाडाच्या कण्यावर नीट बसवलेले, जिभेला पुरेशी जागा, एवढं जमलं तर ती बोलताना उठणार नाही आणि जेवताना सांभाळता येईल. त्याहून पुढे जायचं असेल तर पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेले धातूचे स्क्रू, आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी. खालच्या पूर्ण बिनदाताच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय धरावा, असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ मध्येच म्हटलं आहे. हनुवटीजवळचं हाड मागच्यापेक्षा जास्त टिकतं, त्यामुळे बऱ्याच वृद्धांना तिथे इम्प्लांट बसतात. साखर आटोक्यात हवी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्यांच्या फिजिशियनला विचारून, आणि हाडं ठिसूळ झाल्याबद्दल कधी इंजेक्शनं घेतली असतील तर ते आधी सांगायचं. मिश्री किंवा तंबाखू असेल तर तेही लपवू नका.

म्हणून तुमच्या जागी मी असते तर पैशांची वाटणी अशी केली असती. दोन्ही परवडत असेल तर खाली दोन इम्प्लांट आणि वर कोरलेली कवळी. एकच परवडत असेल तर इम्प्लांट घ्या आणि त्यावर साधी, नेहमीची अ‍ॅक्रिलिकची कवळी करा. दोन इम्प्लांटवरची साधी कवळी बिनइम्प्लांटच्या कितीही महागड्या डिजिटल कवळीपेक्षा भाकरीला जास्त उपयोगी. आणि इम्प्लांट नकोच असतील, वडिलांची तयारी नसेल (बऱ्याच जणांची नसते, आणि जबरदस्ती करू नये), तर डिजिटलवर खर्च करण्याआधी माप कोण आणि कसं घेणार हे बघा. खर्च फारच अडत असेल तर पंचवटीतलं दंत महाविद्यालय आहे. शिकणारी मुलं असतात, खेपा जास्त होतात, पण एकही पायरी वगळली जात नाही, कारण प्रत्येक पायरीवर सरांची सही लागते.

डिजिटलच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. फाइल राहते. आमच्या गावात कवळी हरवण्याची एक खास जागा आहे, रामकुंड. डुबकी मारून वर येताना तोंड उघडलं, खालची कवळी गोदामाईला. पंचवटीतल्या एका आजोबांची अशी गेली, घरी लग्न तोंडावर. साधी असती तर मापापासून सुरुवात. त्यांची फाइल होती, दुसऱ्या दिवशी प्रिंट काढून तात्पुरती दिली आणि लग्न उरकल्यावर कोरलेली. सिंहस्थात स्नानाला जाणाऱ्या माझ्या पेशंटना मी सांगते की कवळी डबीत, डबी घरच्यांकडे. तुम्ही डिजिटल केलीत तर फाइल आपल्याकडे मागून घ्या, पेनड्राइव्हवर. काही लॅब देत नाहीत, ते पैसे देण्याआधी ठरवा. एवढं लक्षात ठेवा की हाड बदलत राहतं. तीन-चार वर्षांनी त्याच फाइलवरून काढलेली कवळी जशीच्या तशी बसेल असं नाही, आतून अस्तर करून घ्यावं लागेल.

माप घ्यायला जाण्याआधी दोन दिवस वडिलांना जुनी कवळी घालू देऊ नका. निदान गरजेपुरती घालून रात्री तरी तोंड पूर्ण मोकळं ठेवा. दाबलेली, सुजलेली हिरडी मूळ आकाराला येऊ द्यायची, नाहीतर सूज घेऊनच माप निघतं. जाताना जुनी कवळी, साखरेचा ताजा रिपोर्ट, गोळ्यांची यादी आणि तरुणपणीचा फोटो न्या. नवी मिळाल्यावर पहिले एक-दोन दिवस कुठेतरी टोचणारच. दुसऱ्याच दिवशी दाखवायला जा, घरी कानशीने घासू नका. तुमच्याकडे टूल आहेत म्हणून मुद्दाम सांगते. टोचतंय तिथे नेमकी कवळी जास्त आहे असं नेहमी नसतं, कधी समोरच्या बाजूचा दात आधी टेकतो आणि कवळी इकडे रुतते.

भाकरीचं. कवळीवर चावायचा जोर खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच येतो, इम्प्लांटवर बराच वाढतो. पहिला आठवडा मऊ भात, खिचडी. मग भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, मग बाजरीची ताजी गरम, छोटे तुकडे, दोन्ही बाजूंना थोडं थोडं ठेवून चावायचं. एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलते. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, पेरू आणि मक्याचं कणीस सुरीने कापून. पेरूच्या आणि वांग्याच्या बिया कवळीखाली गेल्या की जीव घेतात, तेव्हा जेवण झाल्यावर कवळी काढून धुवायची सवय लावा. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवायचं, म्हणजे हातातून सुटली तरी फुटत नाही, आणि पाणी साधं, उकळतं कधीच नाही.